पिवळं परवडलं

जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या एका गल्लीत सुलोचनाबाई तायड्यांना विचारल्याशिवाय कुणाच्या अंगावर पुरळसुद्धा उठत नाही, असं लोक थट्टेनं म्हणतात. थट्टेत तथ्य बरंच आहे. बाई डॉक्टर नाहीत. वैशाली नगरातल्या एका छोट्या लॅबमध्ये त्या पंचवीस वर्षं रक्त तपासतात. साठी उलटली, मालकानं नवं मशीन आणलं, हाताखाली दोन मुली दिल्या, तरी बाई सकाळी सातच्या ठोक्याला हजर असतात. गल्लीत कुणाच्याही हातात रिपोर्ट पडला की डॉक्टरच्या आधी तो बाईंच्या ओट्यावर येतो. "तायडेजी, जरा देख लो." बाई कपाळावरचा चष्मा खाली ओढतात, कागदावरून एकदाच नजर फिरवतात आणि निकाल देऊन टाकतात. निकाल बहुतेक वेळा बरोबर निघतो आणि खरी पंचाईत तिथंच आहे. जो माणूस शंभरातून अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर असतो, त्याला उरलेल्या दोन वेळा सांगणार कोण? ही गोष्ट त्या दोन वेळांची आहे. त्या दोन्ही एकाच महिन्यात आल्या, गेल्या होळीच्या आसपास.

बाई मूळच्या मूर्तिजापूरच्या. नवरा सुखदेवराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात. भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले तेव्हा बाईंपाशी बारावी सायन्सचा दाखला, चार वर्षांचा स्वप्नील आणि अंगातला वऱ्हाडी ठसका, एवढंच भांडवल होतं. हिंदी आपल्याला येते, असा त्यांचा समज होता. इथं आल्यावर कळलं की आपली हिंदी भुसावळच्या फलाटापुरतीच होती.

दुसऱ्याच वर्षी स्वप्नील आजारी पडला. दोन दिवस बारीक ताप आला, मग तो खेळेनासा झाला, जिना चढताना धापा टाकू लागला आणि आठवडाभरात कागदासारखा पांढरा पडला. दवाखान्यात दोन बाटल्या रक्त चढवलं. दहा दिवसांनी पोरगं आपोआप हिंडू-फिरू लागलं. डॉक्टर म्हणाले, "खून बनना बंद हो गया था. अब चालू हो गया है. ले जाइए." बाईंनी विचारलं, बंद का झालं होतं? डॉक्टर म्हणाले, "होता है."

ते "होता है" बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. का होतं हे कुणी सांगेना, आणि सांगितलं तरी आपल्याला कळणार नाही, या दोन्ही गोष्टींची त्यांना सारखीच चीड आली. पस्तिशीच्या या बाईनं मग अठरा-अठरा वर्षांच्या मुलींच्या बाकावर बसून लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला. मुली त्यांना आंटीजी म्हणत आणि परीक्षेत त्यांच्याच पेपरात डोकावत.

काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवायला शिकल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्या नवऱ्याला लॅबमध्ये ओढून घेऊन गेल्या. सुखदेवरावांचे डोळे जन्मभर पिवळसर, चाळिशीच्या आत पित्ताशयात खडे. सासरचे म्हणत, "तायड्यायचं लिव्हरच नाजूक." काचेखाली दिसलं ते भलतंच. निरोगी माणसाची तांबडी पेशी चपटी असते, मधोमध फिकट. सुखदेवरावांच्या पेशी गोट्यांसारख्या गोल, मधल्या फिकटपणाचा पत्ता नाही. अशा गोल पेशींना प्लीहेच्या गाळणीतून वाकून जाता येत नाही. त्या अडकतात आणि फुटतात. चांगली पेशी चार महिने जगते, ही दोन-तीन आठवड्यांत कामातून जाते, आणि फुटलेल्या पेशींचा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. बिचाऱ्या लिव्हरवर उगाच आळ होता. पुढे मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या करून शिक्कामोर्तब केलं. आजार क्वचित दिसणारा, रक्ताच्या नात्यानं येणारा. तो सुखदेवरावांकडून स्वप्नीलकडे आला होता. बायकोनं आपलं निदान केलं, हे सुखदेवराव मरेपर्यंत येईल त्याला सांगत, आणि बाई शेजारी बसून त्यांच्या सांगण्यात दुरुस्त्या करत.

स्वप्नीलकडून तो आजार उत्पलाकडे आला. उत्पला म्हणजे बाईंची नात, वय वर्षं सहा, पहिलीत. एरवी हसती-खेळती, फक्त डोळे आजोबांचे. तिच्यासाठी बाईंनी एक पद्धत बसवली होती. सकाळी साडेसहाला पोरीला खिडकीशी उभं करायचं, खालची पापणी ओढायची आणि डोळ्याचा रंग ठरवायचा. मोजमाप डाळींचं. मुगाची डाळ म्हणजे सगळं ठीक. तुरीची म्हणजे लक्ष ठेवा. हरभऱ्याची म्हणजे डॉक्टरला फोन. ही पद्धत कुठल्याही पुस्तकात नाही. ती बाईंनी स्वतः काढलेली, म्हणून तिच्यावर त्यांचा पुस्तकापेक्षा जास्त विश्वास. वऱ्हाडात डाळीला डाय म्हणतात. स्वप्नील ऑफिसला जाताना बूट घालता घालता विचारायचा, "आई, आज कोनती डाय?"

"मुगाची. जाय तू."

मग तो निर्धास्त जायचा. त्याची बायको मयूरी रतलामच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. पोरीच्या डोळ्यांत रोज डाळी शोधायचा हा कारभार तिला कधी पटला नाही. पण सासूबाईंच्या ज्ञानापुढे तिची मराठी आणि हिंमत दोन्ही कमी पडत.

होळी झाली आणि चौथ्या दिवशी गल्लीत गलका उठला. शेजारच्या संतोष भाभींची मुलगी भूमिका शाळेतून आली ती दोन्ही गाल लालबुंद घेऊन. भूमिका आणि उत्पला एकाच वर्गातल्या, एकाच व्हॅनमधल्या, एकाच कुल्फीला आळीपाळीनं चावणाऱ्या. भाभींना आधी वाटलं, होळीचा गुलाल राहिला असेल. साबणानं धुतलं, बेसनानं चोळलं, रंग हलेना. मग त्यांनी पोरीला विचारलं, "किसने मारा?" पोरगी गोंधळली, रडली. रडली म्हणजे मारलंच, असा भाभींनी हिशेब मांडला आणि पोरीला घेऊन त्या बाईंच्या ओट्यावर आल्या.

बाईंनी चष्मा खाली घेतला. हनुवटी धरून पोरीचा चेहरा उजेडाकडे वळवला. दोन्ही गालांवर लाली, कडा स्पष्ट, नाक आणि कपाळ स्वच्छ.

"थप्पड़ है," बाई म्हणाल्या. "दोनों तरफ से."

दुसऱ्या दिवशी भाभी शाळेत गेल्या आणि साक्षीदार म्हणून बाईंना घेऊन गेल्या. वर्गशिक्षिका निघाल्या भार्गवी आगाशे. नवरा बँकेत अधिकारी, पुण्याहून बदली होऊन आलेले, राहायला वैशाली नगरात. महाराष्ट्र दिनाच्या जेवणात बाईंनी त्यांना एकदा पाहिलं होतं. भार्गवीबाई मराठीत म्हणाल्या, "अहो तायडेताई, मी मुलांवर हात उचलत नाही हो." बाईंनी उत्तर हिंदीत दिलं, कारण मुख्याध्यापकांना आणि भाभींना ते कळायला हवं होतं. "पच्चीस साल से खून देख रही हूँ. चमड़ी के नीचे खून कैसे आता है, मुझे मालूम है. ये थप्पड़ है."

 भार्गवीबाईंनी हजेरीचं रजिस्टर उघडलं. "सर, मेरी क्लास में तीन और बच्चों के गाल ऐसे ही लाल हुए हैं. मैंने तारीखें लिखी हैं."

"मतलब तीन और को मारा?" बाई म्हणाल्या.

भाभी हसल्या. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर कोर्ट उठल्याची कळा आली. चौकशी होईपर्यंत आगाशेबाईंनी वर्गात जायचं नाही, ग्रंथालयात बसून पुस्तकांवर नंबरांच्या चिकट्या लावायच्या, असं ठरलं. घरी परतताना भाभींनी बाईंना कांजी-वडे खाऊ घातले. बाईंना फार समाधान वाटलं. न्याय झाला होता, आणि तो आपल्या नजरेनं झाला होता.

ही पहिली वेळ. दुसरी आली रविवारी.

त्याआधी दोन दिवस उत्पलाला बारीक ताप होता. ऋतू बदलतोय, घरोघरी पोरं तापलीत, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. रविवारी सकाळी बाईंनी तिला खिडकीशी उभं केलं, पापणी ओढली आणि क्षणभर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दुसरा डोळा पाहिला. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, "स्वप्नील, अरे इकडे ये. आज डायच नाही पोट्टीच्या डोयात."

खरंच नव्हती. सहा वर्षांत पहिल्यांदा उत्पलाचे डोळे दुधासारखे पांढरे दिसत होते. बाईंनी मूर्तिजापूरला नणंदेला फोन लावला, भुसावळला जावेला लावला. वय वाढतं तसा आजार कधी कधी नरमतो, असं त्यांनी दोघींना समजावून सांगितलं. मयूरीला शिरा करायला लावला. उत्पलानं दोन चमचे खाऊन वाटी सरकवली. "आजी, मला भूख नाहीये," म्हणाली आणि सोफ्यावर आडवी झाली. रविवार आहे, लोळू द्या, असं बाई म्हणाल्या. सोमवारी ती शाळेला गेली नाही.

मंगळवारी व्हॅन आली. उत्पला पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि तिथंच खाली बसली. मयूरीनं तिला उचलून घरात आणलं. बाई लॅबला निघाल्या होत्या, पिशवी खांद्याला होती.

"आई," मयूरी म्हणाली, "मतलब, डोळे पांढरे आहेत ते बरोबर. पण ओठपण पांढरे आहेत. हात बघा ना."

बाईंनी पोरीचा तळवा उघडला. तळहातावरच्या रेघांत एरवी गुलाबी झाक असते, ती कुठंच नव्हती. मनगटाखाली नाडी चिमणीसारखी धडधडत होती. सत्तावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तळव्यात हेच त्यांनी पाहिलं होतं, आणि आता दोन दिवस रोज पापणी ओढूनही पाहिलं नव्हतं. त्या आयुष्यात क्वचितच घाबरल्या असतील. त्या वेळी घाबरल्या.

पण घाबरल्या तरी त्यांचे हात थांबत नाहीत. रिक्षा करून त्या मयूरीला आणि पोरीला घेऊन लॅबमध्ये पोहोचल्या. रक्त स्वतः काढलं. मशीननं आकडा दिला, हिमोग्लोबिन चार. उत्पलाचं एरवी नऊच्या आसपास असायचं. पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट ठीक, फक्त तांबड्याच कमी. हाताखालची मुलगी म्हणाली, "आंटीजी, आता हॉस्पिटल." बाई म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, तू गाडी बोलाव. तोवर मला अर्धा तास दे. तिथं गेल्यावर हेच विचारतील आणि उद्या सांगतील."

त्यांनी रक्तात निळा रंग मिसळला, पंधरा मिनिटं उबेत ठेवला, काचपट्टी ओढली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हाडांच्या मगजात तांबडी पेशी तयार होते आणि नुकतीच रक्तात येते, तेव्हा तिच्यात निळी जाळी दिसते. ही कोवळी पेशी. निरोगी माणसात शंभरात एखादी सापडते. तायड्यांच्या घरात पेशी भराभर फुटतात म्हणून मगज दुप्पट-चौपट राबतो, आणि शंभरात आठ-दहा कोवळ्या सापडतात. बाई मोजू लागल्या. शंभर झाल्या, दोनशे झाल्या, पाचशे झाल्या. सगळ्या म्हाताऱ्या. हजार पेशी मोजून झाल्या तेव्हा हाती लागली होती एक.

रक्त फुटत होतं म्हणून संपलेलं नव्हतं. ते बनायचंच थांबलं होतं.

हॉस्पिटलात पहिल्या तरुण डॉक्टरनं पोरीचा पांढराफटक चेहरा पाहून ब्लड कॅन्सरचा शब्द काढला, तसा ऑफिसातून धावत आलेला स्वप्नील भिंतीला टेकला. बाईंनी आपल्या अक्षरातला कागद डॉक्टरच्या हातात ठेवला आणि सांगितलं की मोठ्या डॉक्टरांना बोलवा. मोठ्या डॉक्टर शेखावत मॅडम आल्या. त्यांनी कागद वाचला, मग बाईंकडे पाहिलं.

"ये आपने गिना है? हाथ से?"

"हजार तक."

"आँखें सफेद कब से हैं?"

"संडे से," बाई म्हणाल्या, आणि मान खाली घालून पुढचं बोलल्या, "हम खुश हो गए थे."

"टूटने को खून बचा ही कितना था," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पीला कहाँ से आता?" त्यांनी पोरीचं पोट चाचपलं, छाती ऐकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "घर में, पड़ोस में, स्कूल में किसी बच्चे के गाल लाल हुए थे? ऐसे, जैसे किसी ने थप्पड़ मारा हो?"

मयूरीनं सासूकडे पाहिलं.  आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मयूरीनं दिलं.

शेखावत मॅडमनी मग खुर्ची ओढून सगळं समजावलं. हा एक साधा विषाणू आहे. पोरांपोरांत खोकण्या-शिंकण्यातून पसरतो. बहुतेक मुलांना बारीक ताप येतो, मग गाल असे रंगतात, आठवड्यात खेळ खलास. गाल लाल होतात तोवर त्या मुलानं जे द्यायचं ते दुसऱ्यांना देऊन टाकलेलं असतं. पण हा विषाणू एक चोरटं काम करतो. तांबड्या पेशी जिथं बनतात तिथं शिरून तो आठ-दहा दिवस कारखाना बंद पाडतो. भूमिकाच्या घरी ते कुणाला कळतसुद्धा नाही, कारण तिच्या पेशी चार महिने टिकतात. कणगी भरलेली असली की गिरणी आठवडाभर बंद राहिली तरी चालते. उत्पलाचं घर रोज दळून रोज खाणारं. तिथं गिरणी बंद म्हणजे चूल बंद.

"कैन्सर नहीं है," मॅडम म्हणाल्या. "पर आज न लातीं तो मुश्किल था. खून चढ़ाएँगे, धीरे-धीरे. बाकी इंतजार. शरीर खुद वायरस को भगाएगा."

उत्पलाला वेगळी खोली दिली. दारावर सूचना लागली की गरोदर बायकांनी इथं येऊ नये, कारण हा विषाणू पोटातल्या बाळाचंही रक्त आटवू शकतो. एका नर्सताईंनी ती वाचली आणि मुकाट्यानं आपली ड्यूटी बदलून घेतली. रक्ताची पिशवी लागली. थकलेल्या काळजावर ताण नको म्हणून ते थेंब थेंब, चार तास चाललं. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

त्या चार तासांत बाईंनी मॅडमना आपला जुना काटा दाखवला. सत्तावीस वर्षांपूर्वी स्वप्नीलला असंच झालं होतं, का ते कुणी सांगितलं नाही. मॅडमनी स्वप्नीलचं रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट आला तेव्हा उत्पलाच्या रक्तात तो विषाणू ताजा सापडला होता, आणि स्वप्नीलच्या रक्तात त्याची जुनी ओळख. शरीर एकदा या पाहुण्याला पाहतं ते सहसा जन्मभर विसरत नाही, म्हणून स्वप्नीलला आता धोका नव्हता. हा एवढासा जीव म्हणजे ते "होता है". बाईंना आनंद झाला आणि रागही आला, दोन्ही एकदम. सुखदेवरावांना हे सांगायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं.

पोरगी बरी होणार, याबद्दल बाईंना त्या दिवसानंतर शंका उरली नाही. शेखावत मॅडमनी सांगितलेलं कारण त्यांच्या स्वतःच्या काचपट्टीशी जुळत होतं, आणि जुळलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास असतो. पण त्या गप्प झाल्या होत्या. खोलीत कुणी रिपोर्ट घेऊन आलं तरी "डॉक्टरले दाखवा" म्हणून मोकळ्या होत. मयूरीला या गप्पपणाचीच जास्त काळजी वाटू लागली.

नवव्या दिवशी बाईंनी उत्पलाच्या रक्ताचा थेंब लॅबमध्ये नेला. सोबत मयूरीला नेलं. निळा रंग, पंधरा मिनिटं, काचपट्टी. या वेळी त्यांनी सूक्ष्मदर्शक नीट लावून दिला आणि स्वतः बाजूला झाल्या.

"तू मोज."

"मी? मला कुठे येतं, आई?"

"पोट्टीचे ओठ तुले दिसले. मले डायच दिसत होती. मोज."

मयूरीनं डोळा लावला.  मग म्हणाली, "ये नीले-नीले जाळीवाले... हे तर खूप आहेत." शंभरात बारा भरल्या. गिरणी सुरू झाली होती, आणि नेहमीपेक्षा जोरात.

पाच दिवसांनी घरी, सकाळी, खिडकीशी मयूरीनंच पोरीला उभं केलं. आधी तळवा पाहिला, मग ओठ, मग पापणी ओढली. डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळी झाक परत आली होती. पेशी बनत होत्या, फुटत होत्या, घर नेहमीसारखं चाललं होतं. मयूरी तिथंच पोरीला मिठी मारून रडली. "मुगाची आहे," ती म्हणाली. सहा वर्षं जो रंग जाऊ दे म्हणून तिनं मनात किती वेळा म्हटलं असेल, तोच परत आला म्हणून ती रडत होती. बाई म्हणाल्या, "पिवळं परवडलं गं माय."

त्याच दिवशी दहा वाजता त्या शाळेत गेल्या. संतोष भाभींना येता का म्हणून विचारलं. भाभी म्हणाल्या, "अब छोड़ो ना तायडेजी, हो गया सो हो गया." बाई एकट्या गेल्या.

भार्गवीबाई ग्रंथालयात चिकट्या लावत होत्या. बाईंना पाहून त्या उभ्या राहिल्या, बसा म्हणाल्या. बाई बसल्या नाहीत. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं: विषाणू, गाल, उत्पला, रजिस्टरातल्या तारखा. आणि मग त्या म्हणाल्या, "माह्यं चुकलं." हे दोन शब्द सुखदेवरावांनी पस्तीस वर्षांच्या संसारात ऐकले नव्हते.

भार्गवीबाईंनी चिकट्यांचं पाकीट बंद करून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मुलगी बरी आहे ना आता? मग झालं तर. तुम्ही मला मराठीत सांगितलंत, पुरे. आपण आपल्यात मिटवू. सरांकडे मी बघते काय सांगायचं ते."

"नाही," बाई म्हणाल्या. "मी बोलली होती हिंदीत, सगळ्यायच्या समोर. तिथंच सांगावं लागते."

मुख्याध्यापकांच्या खोलीत त्या पुन्हा त्याच जागी उभ्या राहिल्या. "सर, वो थप्पड़ नहीं था. वायरस था. मैडम सच बोल रही थीं. मैंने गलत कहा था." मुख्याध्यापकांनी दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, लिहून द्याल का? बाई म्हणाल्या, रोज पन्नास रिपोर्टांवर सही करते, एक आणखी. त्यांनी कागद घेतला आणि हिंदीत पाच ओळी लिहिल्या. तारीख घातली, सही केली आणि कागद आधी भार्गवीबाईंच्या पुढे सरकवला.

भार्गवीबाईंनी तो दोनदा वाचला. मग पर्समधून लाल पेन काढून, सवयीचा हात असावा तसा, थप्पड शब्दातल्या ड-खाली एक बारीक टिंब दिलं.

"नुक्ता राहिला होता," त्या म्हणाल्या.

बाईंचा चेहरा पडला. त्यांना ते टोचलं. इतकं सगळं झाल्यावर या बाईला टिंब दिसावं?

"राग मानू नका तायडेताई," भार्गवीबाई हळू आवाजात मराठीत म्हणाल्या. "माझी ज्ञानदा याच शाळेत चौथीत आहे. तीन आठवडे मुली तिला चिडवतायत. रोज घरी येऊन विचारते, आई, तू खरंच मारतेस का गं मुलांना? मी नाही म्हणते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. हा कागद मला तिला दाखवायचाय. त्यात एकही चूक राहायला नको."

मुख्याध्यापक म्हणाले, झेरॉक्स काढून देतो. बाईंनी नको म्हणून मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला, टेबलावरून नवा कोरा कागद ओढला आणि सगळं पहिल्यापासून, सावकाश, टिंबासकट लिहून काढलं.